तिसऱ्या चाकाचं माप

१२ जानेवारी
टब आला. साइडकार म्हणायला हवं, पण टेम्पोतून उतरवताना हिने दारातून बघितलं आणि विचारलं, "हा टब ठेवणार कुठे?" तेव्हापासून घरात तो टबच झाला.

पंपहाउसात चौतीस वर्षं फिटर होतो. तिथे प्रत्येक पंपाची नोंदवही असायची, आणि जे वहीत नाही ते झालंच नाही असा आमचा नियम होता. निवृत्त झाल्यावर लिहायला काही उरलं नव्हतं. आता ही वही गाडीची.

टब कशासाठी घेतला तेही लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी मी खड्डा चुकवायला गेलो आणि ही मागच्या सीटवरून पडली. खांद्याचं हाड मोडलं. बरी झाल्यावर ती भांडली नाही, रडली नाही, फक्त म्हणाली, "दोन चाकांवर मी पुन्हा बसणार नाही." आणि बसली नाही. पूर्वी कारखान्यात पंधरा वर्षं स्वतः स्कूटर चालवत जायची, तीही देऊन टाकली. तेव्हापासून मी फिरतो आणि ही गॅलरीतून हात करते. मला त्याचा कंटाळा आला आहे. तिला दोन चाकं नकोत ना, मग तीन देऊ.

१४ जानेवारी
टब डाव्या बाजूला बसवला. चार सांधे, चार बोल्ट. मिस्त्री मदतीला आला होता. हा कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. चष्म्याची काडी तारेने बांधलेली असते, पण हात सोन्यासारखा. मला काका म्हणतो आणि माझ्या प्रत्येक गोष्टीत चूक काढतो.

टबाचं चाक मोटारसायकलच्या चाकांना अगदी समांतर ठेवायचं नसतं. टबाच्या वजनाने गाडी डावीकडे ओढते, म्हणून ते चाक पुढून किंचित आत, गाडीकडे वळवायचं. दोन सरळ फळ्या घ्यायच्या. एक गाडीच्या दोन्ही चाकांना लावायची, दुसरी टबाच्या चाकाला. पुढचं अंतर मागच्यापेक्षा जेवढं कमी, तेवढं आतवळण. पुस्तकात वीस मिलिमीटर दिलंय. मी वीस ठेवलं, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. मिस्त्रीने पुन्हा मोजलं आणि गप्प बसला, म्हणजे बरोबर होतं.

१९ जानेवारी
टबात वाळूचं पोतं ठेवून एकटा फिरलो. चाळीस वर्षं मोटारसायकल चालवली ती विसरायला लागते. ही गाडी कलत नाही, वळवावी लागते. डावीकडच्या वळणाला जरा जोरात गेलो तर टबाचं चाक उचललं जातं. आज पोस्टासमोर वीतभर उचललं गेलं. पानवाल्याने तोंडात बोट घातलं. मी मुद्दाम केल्यासारखा चेहरा ठेवला.

२१ जानेवारी
ही बसली! आधी टबाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोल्टांवरून बोट फिरवलं. बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होती, त्यामुळे कशालाही हात लावल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. हजार छर्ऱ्यांतला एक खराब छर्रा बोटांनी ओळखायची. मग म्हणाली, "सावकाश न्यायची." तलावापर्यंत गेलो आणि आलो. अठरा किलोमीटर. उतरल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "जमिनीच्या फार जवळ आहे." म्हणजे आवडलं, असं मी धरतो.

११ फेब्रुवारी
आतापर्यंत सात फेऱ्या. टबाला हिने गादी शिवली. थर्मास, छत्री, विणकामाची पिशवी, सगळं पायाशी. सिग्नलला थांबलो की लोक बोलतात. आज एका बसचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आजोबा, आजीला भाड्याने दिलीय का बाबागाडी?" मी काही बोलायच्या आत हीच म्हणाली, "ड्रायव्हर ठेवलाय मी, फार बोलतो म्हणून पगार देत नाही." बसमधले सगळे हसले.

येताना रोपवाटिकेतून लिंबाचं झाड आणलं. ते हिच्या मांडीवर, फांद्या तिच्या तोंडावर. मला फांद्यांमागून नुसता आवाज ऐकू येत होता, "खड्डा... खड्डा... अहो खड्डा!"

इतकं बरं वाटलेलं बऱ्याच दिवसांत आठवत नाही.

३ मार्च
गाडी डावीकडे ओढू लागली आहे. सरळ रस्त्यावरही जाणवतं. टायरची हवा बघितली, ठीक आहे. आतवळण मोजलं, वीसच आहे. चोवीस केलं. आता सरळ जाते.

२४ मार्च
क्लच जड झालाय. चौकात डावा हात भरून आला. ही म्हणाली, "हाताला काय झालंय तुमच्या?" म्हटलं, हाताला काही नाही, केबलला झालंय. केबल काढून तेल पाजलं. फरक पडला नाही. नवीन केबल टाकली. मिस्त्री दाबून बघतो आणि म्हणतो, "लोण्यासारखा आहे काका." या पोरांच्या हातांना जड-हलकं काही कळत नाही.

१४ एप्रिल
मुलीकडे जाऊन आलो. बेचाळीस किलोमीटर, मध्ये टेकडीचा चढ. मुलीने अंगणात आमचा चालतानाचा व्हिडिओ काढला आणि सगळ्यांना दाखवला. "बाबा, डावा हात काय खिशात चिकटवलाय?" खिशात नव्हता, नुसता बाजूला होता. मी म्हटलं, गाडी चालवून हात आखडतो. ही तो व्हिडिओ पुन्हा लावून बघत बसली. जेवणं झाली तरी बघत होती. म्हाताऱ्या नवऱ्याचं एवढं कौतुक बरं नव्हे, म्हणून मुलीने चिडवलं.

परत येताना पुन्हा डावीकडे. आतवळण तीस केलं.

२८ एप्रिल
नव्या शर्टांची काजं हल्ली फार लहान करतात. डाव्या बाहीचं बटण लागतं, उजव्या बाहीचं डाव्या हाताने लावायचं म्हटलं की दहा मिनिटं जातात. शेवटी हिने लावलं. म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊन येऊ एकदा." मी म्हटलं, बटणासाठी? ती हसली नाही.

१२ मे
एक तक्रार वहीत टाकून ठेवतो. ही हल्ली गाडीत विणकाम करत नाही. गप्पाही नाहीत. टबात बसते आणि उजवीकडे तोंड करून राहते. डावीकडे एवढा तलाव, बगळे, शेतं, आणि ही बघते हँडलकडे. स्पीडोमीटरवर नजर ठेवून असते की काय कोण जाणे. मी चाळीसच्या वर जात नाही हे तिलाही माहीत आहे. म्हटलं, "बगळे बघ की." म्हणाली, "बघितले."

न यावंसं वाटत असेल तर तसं सांगावं. पण मी विचारलं की आधी पदर खोचून तयार असते.

१९ मे
क्लचचा दांडा लांब टाकला. मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, आता याने कुलूप पण उघडेल." आतवळण छत्तीस. गाडी डावीकडे किती ओढते त्याचं कोडं सुटत नाही. टबाच्या बेअरिंगमध्ये काही असेल म्हणून ते काढून हिच्या हातात दिलं. तिने डोळे मिटून फिरवलं. म्हणाली, "यात काही दोष नाही." तिचा शब्द म्हणजे शेवटचा.

९ जून
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मुलीकडून येत होतो. टेकडी उतरलो की रस्त्याच्या कडेला पांढरे रंगवलेले दगड आहेत. रस्ता मोकळा होता, वेग पस्तीस. मला गाडी सरळ चालली आहे असंच वाटत होतं. एकदम घासल्याचा आवाज आला आणि हँडलला हिसका बसला. टबाच्या चाकाचा पत्रा दगडाला लागला होता. पंधरा-वीस पावलांवर थांबलो. पत्रा चेपला, रंग गेला. हिला काही झालं नाही. ओरडलीसुद्धा नाही. दगड टबापासून किती जवळ होता हे बघायला मागे चालत गेलो. दगडावर आमचा हिरवा रंग होता, बोटभर रुंद.

रस्त्याला तिथे डावीकडे उतार आहे. त्यामुळेच झालं.

तसेच घरी आलो. चहा झाल्यावर ही म्हणाली, "मला ही गाडी चालवायला शिकवा."

"आता? या वयात?"

"परवाना आहे माझा. टबात बसून कंबर धरते. कधीतरी तुम्ही बसा, मी चालवते."

कंबरेचं मला आजवर कधी बोलली नव्हती. आतवळण शेहेचाळीस केलं.

१६ जून
बंद गिरणीच्या मागच्या मैदानात हिला शिकवायला सुरुवात. मी टबात बसलो नाही, बाजूला उभा राहून सूचना दिल्या. गियर, क्लच, ब्रेक हे तिच्या हातात मुरलेलंच आहे. पण सरळ चालवता येत नाही! सुटली की उजवीकडे जाते. पाच वेळा केलं, पाचही वेळा उजवीकडे, भिंतीच्या दिशेने. मी ओरडलो, "डावीकडे घे, डावीकडे!" ती थांबली आणि म्हणाली, "गाडीच उजवीकडे जातेय."

मी म्हटलं, ही गाडी डावीकडे ओढते, उजवीकडे नाही. पाच महिने मी चालवतोय.

"तुम्ही चालवताय," ती म्हणाली.

दोघंही फुगून घरी आलो.

७ जुलै
तिसरा धडा. पुन्हा तेच. आज भांडण झालं. मी नको ते बोललो. बायकांना वजनदार गाडीचा अंदाज येत नाही, असं म्हणालो. तीस वर्षं कारखान्यात काम केलेल्या बाईला. ती हँडल सोडून पायी घरी निघून गेली. मैदानापासून घर तीन किलोमीटर आहे. मी मागून गाडी हळूहळू घेऊन गेलो आणि बस म्हणत राहिलो. बसली नाही.

हे लिहिताना लाज वाटते आहे.

१३ जुलै
हिचं चुकतंय हे दाखवायला मिस्त्रीला गाडी चालवायला दिली. तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. उतरून चष्मा पुसला.

"काका, उजवीकडे भरपूर ओढतेय. हात दुखला माझा. हे कोणी बसवलं?"

"तूच होतास बसवताना."

"तेव्हा वीस होतं. आता किती आहे?"

मी म्हटलं, बघून सांगतो. त्याच्यासमोर मोजायचं नव्हतं.

१४ जुलै
फळ्या लावल्या. चार वेळा मोजलं. शेहेचाळीस. पुस्तकात वीस.

पंपहाउसात नवीन आलेल्यांना मी एक गोष्ट घोकून घ्यायला लावायचो. माप आणि तुमचं मत जुळलं नाही तर मत सोडा, माप धरा. शेहेचाळीसला गाडी उजवीकडे जायलाच हवी. ही चालवते तेव्हा जाते, मिस्त्री चालवतो तेव्हा जाते. मी चालवतो तेव्हा सरळ जाते. मग यात डावीकडे ओढणारं काय आहे?

बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. डावा हात मांडीवर होता. तो थांबत नव्हता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते, वात वळावी तसे. थांबवायला गेलो तेव्हा क्षणभर थांबले, लक्ष काढलं की पुन्हा सुरू. हे आज सुरू झालेलं नाही. मला दिसत होतं, मी बघत नव्हतो.

उजवा हात हँडलवर नेहमीसारखा रेटा देत होता, डावा नुसता ठेवलेला होता. चाक माझ्या हाताप्रमाणे वाकडं होत गेलं, आणि दर वेळी दोष मात्र मी गाडीलाच दिला. चौतीस वर्षं नुसत्या आवाजावरून पंपातलं बिघडलेलं बेअरिंग सांगणारा मी.

आणि गाडी डावीकडे जात होती. ही डावीकडे बसते.

पुढे लिहवत नाही.

१५ जुलै
सकाळी हिला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली. "मार्चपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. हाताला काय झालंय विचारलं, तुम्ही केबल बदललीत. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तुम्ही बटणावर विनोद केलात. बेअरिंग हातात दिलंत तेव्हाही म्हटलं, यात दोष नाही. तुम्ही ते परत बसवलंत."

"अगं, पण मग बसायचं कशाला माझ्या गाडीत? त्या दगडाला चाक लागलं तेव्हा... नाही म्हणायचं होतंस."

"मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही वाळूचं पोतं घालून गेला असतात." तिने पातेलं पालथं ठेवलं. "पोत्याला काही बोलता येत नाही. मी निदान खड्डा तरी सांगत होते."

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली भांडी पुसली. एक कप पडला. ती म्हणाली, "असू दे." मग मात्र मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

२२ जुलै
डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. अंगठा आणि बोट भराभर एकमेकांवर आपटायला लावलं. उजवा टकाटक, डावा चार वेळा आणि मग अडखळला. व्हरांड्यात चालायला लावलं. हिने मोबाइलवरचा एप्रिलचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा बघितला आणि हिला म्हणाल्या, "हे जपून ठेवलंत ते फार चांगलं केलंत." कौतुक म्हणून बघत नव्हती तर.

कंपवात. सुरुवातच आहे म्हणतात. गोळ्या, व्यायाम, चालणं. बरीच वर्षं नीट जातात म्हणतात. मी एकच विचारलं, गाडी? त्या म्हणाल्या, "चालवायची नाही." हिने माझ्याकडे बघितलं नाही, बाईंकडेही नाही, समोरच्या वजनकाट्याकडे बघितलं.

२८ जुलै
काही झालं नाही. गाडीवर कापड घातलं. फार राग आला होता. कोणाचा ते कळत नाही.

४ ऑगस्ट
कापड काढलं. कापड घालून ठेवलेला पंप गंजतो. मिस्त्रीला बोलावलं. बोल्ट त्याने सैल केले, फळ्या मी धरल्या. उजव्या हाताने. शेहेचाळीसवरून चाळीस, तीस, पंचवीस, वीस. मिस्त्रीने विचारलं नाही, मीच सांगितलं. तो बराच वेळ पाना पुसत बसला. मग म्हणाला, "काकू चालवतील तर क्लचचा जुना दांडा लावू का परत? हा फार लांब आहे." मी म्हटलं, लाव.

१८ ऑगस्ट
मैदान. गाडी दोरीने आखल्यासारखी सरळ गेली. ही एकटी सहा फेऱ्या मारून आली, टबात पोतं. डावीकडच्या वळणाला चाक चार बोटं उचललं गेलं, तर घाबरण्याऐवजी पुन्हा तिथेच गेली आणि पुन्हा उचललं. मी ओरडलो तर म्हणते, "बघत होते कितीला उचलतं."

मी तिची माफी मागितली, वजनदार गाडीबद्दल जे बोललो त्याची. म्हणाली, "ते वाक्य मी लिहून ठेवलंय. तुमची एकट्याचीच वही नाही."

१ सप्टेंबर
आज मुलीकडे जाऊन आलो. गाडी हिने चालवली. मी टबात.

आत शिरणं सोपं नाही. आधी उजवा पाय, मग बसायचं, मग डावा ओढून घ्यायचा. सहा महिने हिला मी "चल, चल" म्हणून घाई करत होतो.

टबातून रस्ता वेगळाच असतो. सगळं वरून अंगावर येतं. ट्रकचं चाक कानाशी येतं. कडेचे पांढरे दगड डाव्या कोपरापासून हातभर अंतरावरून जातात. इतक्या जवळून जातात की दगडावरचा रंग कुठे उडालाय तेही दिसतं. चालवणाऱ्याला तिथून काही करता येतं. बसणाऱ्याला काहीच करता येत नाही. आणि मान उजवीकडे वळवली की बरोबर समोर, नाकापासून दीड हातावर, चालवणाऱ्याचा डावा हात. दुसरं काही नीट दिसतच नाही, तो हात तेवढा दिसतो. हिचा हात स्थिर होता. चौकात क्लच दाबताना चारही बोटं एकदम मिटत होती.

टेकडीच्या उतारावर त्या दगडांपाशी मी डोळे मिटले. पुढच्या वळणावर पुन्हा. येतानाही एकदा. गाडी व्यवस्थित चालली होती, वेग तीस होता, तरी मिटले.

घरी आल्यावर वहीतल्या फेऱ्या मोजल्या. मी चालवत असताना ही एकोणचाळीस वेळा त्या टबात बसली. मी आज एकदा बसलो आणि तीनदा डोळे मिटले. हे तिला सांगितलं.

ती हातमोजे काढत होती. म्हणाली, "मीही मिटायचेच. सुरुवातीच्या प्रत्येक फेरीत कितीदा तरी मिटले, तुम्हाला कुठे दिसत होतं. मग मार्चमध्ये तुमचा हात दिसला. त्यानंतर मिटता आले नाहीत."